पार्टिकल इफेक्ट: टाइमलाइनवर थेट चालवावेत की इमेज सिक्वेन्स करून आणावेत?

पंचविसावी_फ्रेम

ठिणग्या, धूर, बर्फ, उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी धूळ, भुगा होऊन विरणारी अक्षरे. हजारो बारीक कणांचे (पार्टिकल) हे इफेक्ट करायला आता मोठा स्टुडिओ लागत नाही. आफ्टर इफेक्ट्स या इफेक्टच्या सॉफ्टवेअरमध्ये सीसी पार्टिकल वर्ल्ड हा कणांचा प्लगइन आयता मिळतो, संकलनाच्या डाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये २०१८ साली आलेल्या १५ व्या आवृत्तीपासून फ्यूजन हा इफेक्टचा विभाग आतच आहे, आणि थ्रीडीचे ब्लेंडर तर मोफत आहे. पण इफेक्ट तयार होणे वेगळे आणि तो संकलनात नीट बसणे वेगळे. त्या दुसऱ्या भागासाठी हा धागा.

माझे मत आधीच सांगतो. लूक ठरेपर्यंत कण थेट चालू द्यावेत. लूक ठरला की ते अल्फासकट (म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या पारदर्शकतेच्या माहितीसकट) इमेज सिक्वेन्स म्हणून, म्हणजे दर फ्रेमचे एक क्रमांकित चित्र असे, रेंडर करावेत आणि पुढचे सगळे संकलन त्या सिक्वेन्सवर करावे. शेवटच्या एक्स्पोर्टपर्यंत जिवंत सिम्युलेशन (कणांची हालचाल दर वेळी नव्याने मोजणे) ओढत नेऊ नये.

कारण सिम्युलेशनच्या स्वभावात आहे. ३०० व्या फ्रेमवर एखादा कण कुठे आहे हे तो २९९ व्या फ्रेमवर कुठे होता यावरून ठरते आणि २९९ चे २९८ वरून. त्यामुळे टाइमलाइनवर मधेच उडी मारली की सॉफ्टवेअरला मागचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. काही साधे प्लगइन कणाची जागा थेट सूत्राने काढतात, तिथे हा त्रास कमी. पण वारा, भोवरे, आदळणे हे आले की सुटका नाही. संकलनाचे काम म्हणजे पुढे-मागे जाऊन बघणे, दोन फ्रेम कापणे, परत लावणे. नेमके तेच इथे महाग पडते.

दुसरे असे की कण यादृच्छिक असतात, आणि रँडम सीड (यादृच्छिकतेचा सुरुवातीचा आकडा) तोच ठेवला तर निकालही तोच येतो हे खरे. मात्र क्लिपची सुरुवात कापली, प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलला किंवा प्लगइनची नवी आवृत्ती आली की तीच ठिणगी त्याच जागी उडेल याची खात्री राहत नाही. शब्दाच्या अगदी टोकावर फुटणारी ठिणगी तुम्ही जुळवली असेल तर ती फ्रेममध्ये गोठवून ठेवणेच बरे.

आणि एक गुणाकार सगळ्यांनी पाठ करावा असा आहे. सेकंदाला जन्मणारे कण गुणिले प्रत्येकाचे आयुष्य, म्हणजे पडद्यावर एका वेळी असणारे कण. सेकंदाला २०० आणि आयुष्य ३ सेकंद असेल तर स्थिरावल्यावर सुमारे ६००. यातून दुसरी गोष्टही निघते, की पहिले ३ सेकंद पडदा भरतच असतो. कट झाल्याबरोबर बर्फ आधीपासून पडत असल्यासारखा दिसायला हवा असेल तर एमिटर (कण सोडणारा स्रोत) कटच्या किमान एक आयुष्य आधी सुरू झाला पाहिजे. फ्यूजनमध्ये पार्टिकल रेंडरच्या नोडवर प्री-जनरेट फ्रेम्स म्हणून त्यासाठी सोय आहे. इतरत्र लेयरच मागे सरकवा.

नवी_संकलक

धागा आवडला. मी संकलन दोन-तीन वर्षे करते, इफेक्टमध्ये नवीन आहे. एक मूलभूत शंका. रेंडरच करायचे तर शेकडो पीएनजी चित्रांचा ढीग कशाला? सरळ एक व्हिडिओ फाइल का काढू नये?

रात्रीचे_रेंडर

काढता येते, पण फाइल कोणत्या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत) आहे ते बघा. नेहमीचा एच.२६४ पारदर्शकता वाहून नेत नाही. प्रोरेस ४४४४ नेतो, प्रोरेस ४२२ नेत नाही. वेबसाठी व्हीपी९ असलेला वेबएम नेतो. लूक अगदी कायम झाला असेल आणि तो दुसऱ्या कुणाला पाठवायचा असेल तर मी स्वतः प्रोरेस ४४४४ पाठवतो. एक फाइल, एक फ्रेम रेट, गोंधळ नाही.

रेंडर करताना मात्र सिक्वेन्सच. ४०० फ्रेमपैकी ३१० व्या फ्रेमला मशीन बंद पडले तर व्हिडिओ फाइल बहुधा उघडतच नाही. सिक्वेन्समध्ये ३०९ चित्रे शाबूत असतात आणि ३१० पासून पुढे सुरू करता येते. मधल्या १२ फ्रेममध्येच दोष दिसला तर तेवढ्याच परत काढता येतात. ब्लेंडरमध्ये आउटपुटच्या भागात ओव्हरराइट बंद आणि प्लेसहोल्डर्स चालू केले, तर एकाच सामायिक फोल्डरवर दोन संगणक लावता येतात. एकाने हातात घेतलेली फ्रेम दुसरा सोडून देतो. वेगळे कोणतेही रेंडर व्यवस्थापक सॉफ्टवेअर लागत नाही.

धूर_आणि_धुके

वरच्या दोघांशी सहमत. फक्त फाइलच्या नावांबद्दल बोलू द्या, कारण निम्मी रडगाणी तिथूनच येतात.

क्रमांकाला पुढे शून्ये लावा आणि अंकांची संख्या सगळीकडे सारखी ठेवा. ठिणगी_०००१, ठिणगी_०००२ असे. शून्ये नसतील तर कित्येक ठिकाणी क्रम १, १०, १००, २ असा लागतो आणि कण वेड्यासारखे उड्या मारतात. एका फोल्डरमध्ये एकच सिक्वेन्स. नव्या रेंडरला नवा फोल्डर, नाहीतर जुन्या लांब रेंडरच्या उरलेल्या फ्रेम नव्या छोट्या रेंडरच्या शेपटीला चिकटतात आणि शेवटी भलताच इफेक्ट डोकावतो.

मधली एक फ्रेम गायब असेल तर प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळे वागते. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या साधनाला क्रमांकाचा साचा दिला असेल तर खंड पडला तिथे ते थांबते. म्हणून आयात करण्याआधी फोल्डरमधील फाइलींची संख्या आणि अपेक्षित फ्रेम ताडून पाहा.

आणि फ्रेम रेट! चित्रांच्या फोल्डरला वेग नसतो, तो आपण सांगायचा असतो. आफ्टर इफेक्ट्स सिक्वेन्सला मुळात सेकंदाला ३० फ्रेम गृहीत धरते, एफएफएमपेग २५. तुम्ही २५ वर काढलेल्या २५० फ्रेम म्हणजे १० सेकंद. त्याच ३० वर वाचल्या तर ८.३३ सेकंदांत संपतात. धूर जरा घाईत वाटतो, नेमके काय चुकले ते कळत नाही, आणि माणूस गुरुत्वाकर्षणाचे आकडे बदलत बसतो.

नवी_संकलक

हे सगळे करून पाहिले. फ्रेम रेट जुळला, क्रम बरोबर. पण पांढऱ्या भिंतीच्या शॉटवर बर्फाच्या प्रत्येक कणाभोवती राखाडी कडा दिसते आहे. काळ्या पार्श्वभूमीवर तोच सिक्वेन्स सुंदर दिसतो. कडा अस्पष्ट करून पाहिल्या, उपयोग झाला नाही.

कणवेडी

कडा धूसर करू नका, आजार दुसराच आहे. अल्फाचा अर्थ चुकीचा लावला जातोय. हे सविस्तर लिहिते, कारण पार्टिकलच्या कामात कणांचा बहुतेक भाग कडाच असतो. माणसाच्या कटआउटमध्ये ही चूक केसांच्या टोकाला दिसेल, पण बर्फात आणि धुरात ती पूर्ण पडदाभर दिसते.

अल्फा साठवण्याच्या दोन पद्धती. स्ट्रेट पद्धतीत रंग पूर्ण ठेवतात आणि पारदर्शकता वेगळी. प्रीमल्टिप्लाइडमध्ये रंगाला अल्फाने आधीच गुणलेले असते. पांढऱ्या कणाची अर्धपारदर्शक कडा घ्या. स्ट्रेटमध्ये रंग १, अल्फा ०.५. प्रीमल्टिप्लाइडमध्ये रंग ०.५, अल्फा ०.५. खाली पांढरी भिंत, म्हणजे १. बरोबर उत्तर पांढरेच यायला हवे: कणाचे ०.५ आणि भिंतीचे उरलेले ०.५, बेरीज १.

आता प्रीमल्टिप्लाइड फाइल स्ट्रेट समजून वाचली तर सॉफ्टवेअर ०.५ ला पुन्हा ०.५ ने गुणते. ०.२५ अधिक ०.५, म्हणजे ०.७५. हीच तुमची राखाडी कडा. उलट चूक झाली, म्हणजे स्ट्रेट फाइल प्रीमल्टिप्लाइड समजून वाचली, तर १ अधिक ०.५ असे १.५ होते; पांढऱ्या भिंतीवर ते कापले जाऊन कळतही नाही, पण गडद शॉटवर प्रत्येक कणाला चमकदार कड येते. काळ्यावर तुमचा बर्फ चांगला दिसला याचे कारण असे, की तिथे या दोनदा झालेल्या गुणाकाराने कडा फक्त जरा बारीक होतात. म्हणून कोणताही सिक्वेन्स एकदा पांढऱ्यावर, एकदा काळ्यावर आणि एकदा मध्यम करड्यावर ठेवून तपासावा.

उपाय साधा आहे. आफ्टर इफेक्ट्समध्ये इंटरप्रिट फुटेजमध्ये जाऊन अल्फाचा प्रकार बदला, तिथला अंदाजाचा पर्याय नेहमी बरोबर येत नाही. रिझॉल्व्हमध्ये क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये अल्फा मोड आहे. पीएनजीच्या मानकानुसार अल्फा स्ट्रेट असतो आणि ओपनईएक्सआर (ईएक्सआर) या चित्रप्रकारात संकेत प्रीमल्टिप्लाइडचा आहे. तरी रेंडर करताना काय निवडले होते ते फोल्डरच्या नावातच लिहून ठेवा. टॉमस डफ आणि टॉमस पोर्टर यांनी १९८४ साली हे गणित मांडले ते प्रीमल्टिप्लाइड धरूनच, आणि आजही थरावर थर ठेवण्याचे सूत्र तेच आहे.

नवी_संकलक

आत्ता बदलून पाहिले. राखाडी कडा पूर्ण गेली. मनापासून आभार. गणितासकट कळले त्यामुळे पुढच्या वेळी विचारावे लागणार नाही.

मग आग आणि ठिणग्यांनाही हेच लागू ना?

कणवेडी

तिथे आणखी एक पायरी आहे. बर्फ मागचे दृश्य झाकतो. ठिणगीची आभा काहीच झाकत नाही, ती फक्त प्रकाश मिसळते. म्हणजे रंग आहे पण अल्फा शून्य. प्रीमल्टिप्लाइड ईएक्सआरमध्ये असा पिक्सेल बिनदिक्कत साठवता येतो. स्ट्रेट पीएनजीत तो बसतच नाही, कारण अल्फा शून्य म्हटले की रंगाला शून्याने गुणले जाणार. म्हणून पीएनजीतून आलेली आग बरेचदा कागदाच्या तुकड्यासारखी चिकटवलेली वाटते.

ईएक्सआर परवडत नसेल तर ठिणग्या काळ्यावर रेंडर करा आणि वर ॲड ब्लेंड मोड (खालच्या थरात रंग मिळवणारा) लावा. स्क्रीनही चालतो, तो पांढरा एकदम जळू देत नाही. पण त्यामुळेच तेजस्वी भाग थोडा दुधाळ होतो. शक्य असेल तर प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणातल्या लिनियर रंगअवकाशात (त्या नावाचा ब्लेंड मोड नव्हे) ॲड करा, प्रकाश खऱ्या जगात तसाच मिसळतो. काळा धूर मात्र ॲड किंवा स्क्रीनने कधीच येणार नाही, कारण हे दोन्ही मोड चित्र फक्त उजळ करतात. धुराला खरा अल्फाच हवा. आग आणि तिचा धूर दोन वेगळे सिक्वेन्स काढावेत असे मी म्हणते ते यासाठी.

सरळसोपे

मला धागाकर्त्याचे मूळ म्हणणे पूर्ण पटत नाही. मी लोगो आणि शीर्षकांची कामे करतो. शेवटच्या दिवशी मजकूर बदलतो, रंग बदलतो, अक्षरे जिथे फुटतात तिथून कण निघतात. प्रत्येक वेळी परत रेंडर करून आणायचे म्हणजे एका साध्या बदलाचे दोन टप्पे होतात. शिवाय जागा. १९२० गुणिले १०८० ची ८ बिटची, अल्फासह एक फ्रेम न दाबता ८२,९४,४०० बाइट भरते. १० सेकंदांच्या २५० फ्रेम म्हणजे दोन जीबीच्या वर. ४के मध्ये चौपट. १६ बिट ईएक्सआर घेतले की त्याच्या पुन्हा दुप्पट. तीन-चार थर आणि प्रत्येकाच्या पाच आवृत्त्या धरा.

माझ्या मते दोन-तीन सेकंदांचा इफेक्ट असेल तर थेटच ठेवावा आणि सॉफ्टवेअरचा कॅशे (एकदा मोजलेल्या फ्रेमचा साठा) वापरावा.

पंचविसावी_फ्रेम

मजकुराला बांधलेल्या छोट्या इफेक्टबद्दल तुमचे म्हणणे मान्य. तिथे थेट ठेवणेच शहाणपणाचे. माझा आग्रह लांब शॉट, अनेक थर आणि अनेकांच्या हातून जाणारे काम यांच्यापुरता आहे. कॅशे तुमच्या मशीनवर असतो. प्रोजेक्ट रंगसंस्करण करणाऱ्याकडे गेला की तिथे तो नसतो, आणि प्लगइनही असेलच असे नाही. फोल्डरमधील चित्रे कुठेही उघडतात.

जागेचा हिशेब न दाबलेल्या फ्रेमचा आहे. पीएनजी आणि ईएक्सआर दोन्ही दर्जा न गमावता दाबतात, आणि कणांच्या फ्रेममध्ये बराचसा भाग रिकामा असतो, त्यामुळे प्रत्यक्षात फाइल खूप लहान होते. दाट धुराची मात्र होत नाही. रंगाबद्दल बोलायचे तर मी कण करड्या रंगातच रेंडर करतो आणि रंग टाइमलाइनवर चढवतो. रंग बदलला म्हणून कधी परत रेंडर करावे लागत नाही.

एका गोष्टीत मात्र सिक्वेन्स खरोखर त्रास देतो. हजारो लहान फाइली जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून किंवा क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरवरून वाचायच्या तर प्लेबॅक अडखळतो. एसएसडीवर ठेवा, किंवा संकलनापुरती प्रॉक्सी (हलकी प्रत) काढा.

धूर_आणि_धुके

तांत्रिक बाजू झाली. आता जरा दिसण्याबद्दल, कारण अल्फा निर्दोष असूनही इफेक्ट खोटा वाटू शकतो आणि तेव्हा लोक कण वाढवत जातात. कण वाढवून शॉट खरा होत नाही.

पहिली गोष्ट मोशन ब्लर. २५ फ्रेम आणि १८० अंशांच्या शटरला कॅमेरा प्रत्येक फ्रेम १/५० सेकंद उघडा असतो. सेकंदाला १००० पिक्सेल वेगाने जाणारी ठिणगी त्या वेळात २० पिक्सेल सरकते, म्हणजे ती ठिपका नसून २० पिक्सेलची रेघ दिसायला हवी. मूळ शॉटमधला हलणारा हात धूसर आणि वरच्या ठिणग्या टोकदार असतील तर डोळा लगेच पकडतो, बघणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी.

दुसरी गोष्ट खोली. एकच थर सगळ्या शॉटवर अंथरू नका. माणसाच्या मागे एक, पुढे एक, आणि भिंगाच्या अगदी जवळचे चार-दोन मोठे, फोकसबाहेरचे कण. मागचा थर माणसामागे लपवायला मॅट (माणसाच्या आकाराचा मुखवटा) कापावा लागतो, त्याला वेळ लागतो, पण धूळ माणसाच्या मागून जाऊन पुढे येते त्या क्षणी शॉटला जागा मिळते. कॅमेरा हलत असेल तर ट्रॅकिंगशिवाय काहीच करू नका. कण पडद्याला चिकटून राहिले की काचेवरचा डाग वाटतात.

आणि प्रकाश. हे सगळ्यात जास्त राहून जाते. ठिणग्या उडाल्या तर शेजारच्या चेहऱ्यावर त्यांचा उजेड पडायला हवा. त्यासाठी वेगळा थ्रीडी प्रकाश नको. तोच ठिणग्यांचा सिक्वेन्स खूप धूसर करा, चेहऱ्यापुरता मास्क करा, ॲडने हलकेच वर ठेवा. तो आपोआप ठिणग्यांबरोबरच लुकलुकतो, कारण तो त्यांच्यातूनच आलाय. सिक्वेन्स केल्याचा हाही एक फायदा, एकच रेंडर तीन कामांना येते. शेवटी मूळ शॉटचा ग्रेन (चित्रातली बारीक खरखर) कणांवरही घाला. संगणकाचे कण फार स्वच्छ असतात.

रात्रीचे_रेंडर

प्रकाशाची युक्ती फार उपयोगी. जरा अवांतर: विल्यम रीव्ह्ज यांनी १९८३ च्या लेखात पार्टिकल सिस्टिम मांडली तेव्हा विषयच होता आग, धूर, ढग अशा ठाम पृष्ठभाग नसलेल्या वस्तूंचा. जन्म, आयुष्य, वेग, रंग आणि आकारातला बदल, मृत्यू. आजच्या कोणत्याही एमिटरचे पॅनेल उघडा, तेच स्लायडर दिसतील.

विषयाला धरून एक इशारा. कणांचा व्हिडिओ ऑनलाइन चढवला की त्याचा चिखल होतो, याची तक्रार वारंवार येते. एच.२६४ सारखे कोडेक आधीच्या फ्रेममधला तुकडा कुठे सरकला हे शोधून जागा वाचवतात. बर्फाचा प्रत्येक कण वेगळ्या दिशेला जातो, त्यामुळे सरकलेला तुकडा सापडत नाही, आणि ठरलेल्या बिटरेटमध्ये (सेकंदाला वापरायच्या डेटात) सगळा पडदा चौकोनी होतो. बारीक दोन पिक्सेलचे हजार कण असतील तर त्याऐवजी थोडे मोठे, मऊ, कमी कण ठेवून बघा. चढवायची फाइल बिटरेटची कंजुषी न करता काढा. धुराच्या संथ छटांमध्ये पट्टे पडत असतील तर तो ८ बिटचा दोष. रेंडर १६ बिटमध्ये ठेवा आणि शेवटी किंचित नॉइज घाला.

नवी_संकलक

शेवटची शंका. एका कार्यक्रमात मंचामागच्या पडद्यावर तरंगत्या कणांचा १० सेकंदांचा लूप हवा आहे. सुरुवात आणि शेवट क्रॉसफेड केला तर जोडाच्या ठिकाणी कण फिके पडून दुप्पट झाल्यासारखे दिसतात. लूप न कळता कसा जोडतात?

कणवेडी

क्रॉसफेड लागतच नाही. प्री-रोल (कण आधीपासून सुरू ठेवणे) शून्य ठेवा. एमिटर ० ते १० सेकंद चालवा आणि मग कणांचा जन्म बंद करा, पण रेंडर थांबवू नका. आयुष्य ३ सेकंद असेल तर शेवटचा कण १३ व्या सेकंदाला मरेल. २५ च्या हिशेबाने ३२५ फ्रेम होतील. आता २५१ ते ३२५ हा शेपटीचा तुकडा कापा आणि दुसऱ्या लेयरवर १ ते ७५ फ्रेमच्या वर ठेवा. एकूण लांबी २५० फ्रेमच. लूप परत सुरू होतो तेव्हा आधीच्या फेरीतले कण शेपटीतून आपला प्रवास पूर्ण करतात आणि नवे खालून जन्मत असतात. जोड कुठेच नाही. कण एकमेकांवर आदळत असतील तर मात्र हे जमणार नाही, कारण शेपटीतल्यांना नव्यांची दखल नसते.

नवी_संकलक

वा! कणांच्या आयुष्यात मी ३० टक्के चढउतार ठेवलाय. मग शेपूट ७५ फ्रेमचीच धरू का?

कणवेडी

नाही, सर्वांत दीर्घायुषी कण धरायचा. ३ सेकंदांचे ३० टक्के म्हणजे ०.९, तेव्हा ३.९ सेकंद, २५ ने गुणले की ९८ फ्रेम. रेंडर ३४८ फ्रेमपर्यंत न्या, आणि शेवटची फ्रेम पूर्ण रिकामी आहे ना ते उघडून पाहा. तिच्यात एक जरी कण दिसला तरी रेंडर थोडे पुढे वाढवा.